सुगंधी पाइप तंबाखू : दरवळ भरपूर, तोंडात चव का येत नाही?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. सुगंधी पाइप तंबाखूबद्दल जाणकारांना विचारायचं आहे. हाताशी तीन मिश्रणं आहेत : कॅप्टन ब्लॅकची पांढरी पुडी, बोर्कम रिफ चेरी आणि मॅक बॅरनचं व्हॅनिला क्रीम. पाइप ब्रायर लाकडाचा, सरळ दांडीचा, बिनफिल्टरचा.

पुडी उघडली की घमघमाट सुटतो. पेटवल्यावर पहिले चार-पाच झुरके गोड लागतात, पुढं नुसती गरम वाफ. अर्ध्यावर आलं की दांडीत घुळघुळ सुरू होते, जिभेचा शेंडा चरचरतो आणि तळाला ओला काळा चोथा उरतो. शेजारी बसलेला मात्र वासावर खूश असतो.

आता प्रश्न. चव शेवटपर्यंत तोंडात टिकेल असं सुगंधी मिश्रण कोणतं? एकाच मिश्रणाला कोणी मलईदार म्हणतं, कोणी साबण म्हणतं, इतका फरक कशामुळं पडतो? आपल्या पावसाळ्यात तंबाखू वाळवायची कशी? आणि निपाणी एवढी जवळ आहे, गूळ तर घरचाच, मग तिथली तंबाखू आणून गुळाचं पाणी मारलं तर चालेल का?

शाहूपुरीकर

आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. शेजाऱ्याला येतो तो दरवळ निराळा आणि ओढणाऱ्याला लागते ती चव निराळी. शेजाऱ्याच्या नाकात पाइपच्या वाटीच्या तोंडातून थेट उठलेला धूर जातो, आणि लवकर उडणारी सुगंधी द्रव्यं त्याच वाटेनं बाहेर पडतात. तुमच्या तोंडात येणारा धूर निखाऱ्यातून खाली उतरून ओल्या तंबाखूतून येतो. त्यात वाफ जास्त, सुगंध कमी. शिवाय तुमचं नाक त्या वासाला काही मिनिटांत सरावतं आणि तो जाणवेनासा होतो. म्हणून पुडीचा वास घेऊन तंबाखू निवडली की हमखास फसगत होते.

सुगंध दोन टप्प्यांत देतात. केसिंग म्हणजे साखर, काकवी, कोको, ज्येष्ठमध असलं काही पाण्यात विरघळवून आख्ख्या पानाला पाजतात, मुरवतात आणि उष्णतेनं सुकवतात. टॉपिंग शेवटी येतं. चिरलेल्या तंबाखूवर व्हॅनिला, चेरी, रम यांचा अर्क फवारतात, तो बहुधा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. पुडीतून येतो तो वास टॉपिंगचा, आणि वाटीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच तो संपतो. केसिंग आणि मूळ पान शेवटपर्यंत सोबत राहतं. चव हवी असेल तर पुडीवरचं फळाचं चित्र बाजूला ठेवा आणि पान कुठलं आहे ते वाचा.

व्हर्जिनिया पान बंद कोठीत गरम हवेनं आठवडाभरात सुकवतात. त्यामुळं त्यातली साखर पानातच अडकते, साधारण १५ ते २५ टक्के. चव गोडसर, गवती, कधी लिंबाच्या सालीसारखी. पण भरभर ओढलं की जीभ पोळलीच. बर्ली सावलीत टांगून कित्येक आठवडे हवेवर सुकतं. त्या काळात पान स्वतःची साखर संपवून टाकतं, मागं जवळपास काही उरत नाही. म्हणून ते केसिंग भरपूर पितं. चव शेंगदाण्याकडं, कोकोकडं झुकणारी. त्याचा धूर अल्कधर्मी असल्यामुळं निकोटिन तोंडातूनच जोरात चढतं, रिकाम्या पोटी बर्ली नको. तिसरं ब्लॅक कॅव्हेंडिश. ही जात नाही, प्रक्रिया आहे : व्हर्जिनिया किंवा बर्ली ओलं करून, गोड करून, दाबून वाफेवर काळं होईपर्यंत ठेवतात. धूर दाट आणि मऊ, पण स्वतःची चव थोडकी. वरून जे टॉपिंग माराल ते ते वाहून नेतं, एवढंच.

आता तुमच्या तीन पुड्या. कॅप्टन ब्लॅकचा भर कॅव्हेंडिशवर आणि व्हॅनिलावर. मिश्रण मऊ आहे, जीभ सांभाळतं, पण पुडीतून थेट भरण्याजोगं कोरडं ते क्वचितच असतं. तुमच्या घुळघुळीचं मूळ बहुतेक तिथंच. बोर्कम रिफ चेरी खोलीत फार सुंदर दरवळते आणि तोंडात पातळ लागते. चेरीच्या कृत्रिम अर्काचा मुख्य सुगंध बेंझाल्डिहाइडचा, त्याला कडवट बदामाची छटा असते आणि तो लवकर उडतो. मॅक बॅरन ही डेन्मार्कची १८८७ पासूनची कंपनी, व्हर्जिनियावर तिचा हात बसलेला. आणि तिच्या मिश्रणांनी जीभ पोळते ही तक्रारही तेवढीच जुनी. व्हॅनिला क्रीम वाईट अजिबात नाही, फक्त तिघांत तेच सगळ्यात हळू ओढावं लागतं.

माझी निवड विचाराल तर नवख्यासाठी लेन कंपनीचं १-क्यू हे मिश्रण. काळं कॅव्हेंडिश आणि व्हर्जिनिया, व्हॅनिलाची हलकी फवारणी, आणि जीभ सहसा पोळत नाही. चव शेवटपर्यंत हवी असेल तर प्रिन्स अल्बर्ट. १९०७ पासूनचं बर्लीचं मिश्रण, बारीक चिरलेलं, सुगंध इतका हलका की पुडी हुंगून कोणी घेणार नाही, पण तळाच्या झुरक्यापर्यंत कोको आणि शेंगदाणा हलत नाही. मधल्या वाटेनं जायचं तर मॅक बॅरन मिक्श्चर, ज्याला स्कॉटिश ब्लेंडही म्हणतात. तिन्ही पानं एकत्र आणि मधाकडं झुकणारा गोडवा. फळाचा सुगंध हवाच असेल तर चेरीपेक्षा एरिनमोर फ्लेक बघा. मूळ बेलफास्टच्या मरे कंपनीचं, व्हर्जिनिया-बर्लीच्या दाबलेल्या पट्ट्या, अननसाच्या जवळचा वास. दाबलेल्या पट्टीत सुगंध मुरलेला असतो, त्यामुळं तो सुट्या तंबाखूपेक्षा सावकाश सुटतो.

गगनबावडा_धुकं

वरच्या उत्तरातलं पान-पुराण पटलं. पण मूळ तक्रार ओलीची आहे आणि ती सुटल्याशिवाय कुठलंही मिश्रण घेतलं तरी अनुभव तोच येणार.

सुगंधी तंबाखू मऊ राहावी म्हणून तिच्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. ते १८८ अंशांना उकळतं, म्हणजे साध्या वाळवणीनं जात नाही, आणि हवेतलं पाणी ओढून धरतं. कागदावर पसरून तासभर ठेवा हा सल्ला कोरड्या हवेच्या गावांना लागू पडतो. आपल्याकडं जुलैत तंबाखू कागदावर पसरली तर तासाभरात ती आणखी मऊ झालेली असते.

मग करायचं काय? पाइपच्या एका भरणीपुरतीच तंबाखू घ्या, ३ ग्रॅम. स्टीलच्या ताटलीत विस्कटून एका थरात पसरा. वर वीतभर उंचीवर ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब, १५ ते २० मिनिटं, मध्ये एकदा उलटी करून. एलईडी दिव्याचा उपयोग नाही, त्यात ऊब नसते. खोलीत एसी असेल तर तोच लावून अर्धा-पाऊण तास पसरून ठेवली तरी पुरते, एसी हवा कोरडी करतो. दागिन्यांचा छोटा वजनकाटा असला तर अंदाज मारायची गरजच नाही : ३ ग्रॅमची २.७ ग्रॅम झाली की थांबा. काटा नसेल तर चिमूट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे, हळूहळू उलगडली तर भरायला तयार, आणि कुरकुरली तर जास्त झाली. ग्लायकॉलमुळं बोटांना किंचित चिकटपणा लागणारच, तो जाण्याची वाट बघत बसू नका.

तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाळवू नका. पाणी निघायच्या आत टॉपिंग उडून जातं आणि ग्लायकॉल मागं राहतं, म्हणजे नको ते ठेवून हवं ते घालवल्यासारखं. उन्हातही नको, पान फिकं पडतं आणि चव बोथट होते.

साठवण काचेच्या बरणीत, रबरी चकतीच्या झाकणाची. उघडी पुडी प्लास्टिकच्या डब्यात ठेवली की सुगंध प्लास्टिक पितं आणि प्लास्टिकचा वास तंबाखू पिते. पावसाळ्यात बरणी गळ्यापर्यंत भरा, आतली मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं. आणि कांदा-लसूण मसाल्याच्या कपाटात ती बरणी चुकूनही ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी तंबाखू काढताना ती दर वेळी उघडतेच, आणि कोरडं पान आसपासचा वास फार पटकन धरतं.

मार्च ते मे उलटा प्रकार. कमी ग्लायकॉलची तंबाखू उघड्या पुडीत चार-आठ दिवसांत चुरा होते. त्यावर सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड टाकायची जुनी पद्धत आहे, ती सोडून द्या, बुरशीला आमंत्रण आहे. कुंभाराकडून बिनझिलईचा भाजलेल्या मातीचा तुकडा आणा, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. डिस्टिल्ड पाण्यात १५ मिनिटं बुडवा, फडक्यानं कोरडा पुसा, जाळीदार कापडात गुंडाळून बरणीत झाकणाखाली टांगा. तंबाखूला टेकू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी काढून घ्या.

बुरशी ओळखायची खूण : लव असलेले पांढरे, राखाडी किंवा हिरवट ठिपके आणि कुबट वास. जुन्या व्हर्जिनियावर साखरेचे किंवा इतर स्फटिक धरतात, ते भिंगाखाली चमकतात आणि त्यांना लव नसते. ती तंबाखू चांगली. पण सुगंधी मिश्रणावर पांढरं काही दिसलं तर बुरशीच समजा आणि आख्खी बरणी टाका. वरचा थर काढून खालची वापरणं धोक्याचं आहे, बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी खाली गेलेले असतात.

निपाणीवेस

भावा, निपाणीच्या तंबाखूचं मी सांगतो, कारण हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

निपाणी पट्ट्यातली तंबाखू बिडीची. पान रानात उन्हावर वाळवतात, मग कुटून, चाळून त्याचा जर्दा करतात. साखर जवळपास नाही आणि निकोटिन पाइपच्या तंबाखूपेक्षा लई जास्त. बिडीत ती चिमूटभर जाते म्हणून निभतं. पाइपच्या वाटीत त्याच्या कितीतरी पट मावते, आणि धूर तोंडात धरायचा. चक्कर, घाम, उचकी, ओकारी, ठरलेलं. दुसरं, जर्द्याचे दाणे चापट आणि बारीक. वाटीच्या तळाचं भोक साडेतीन-चार मिलिमीटरचं, दाणे सरळ दांडीत उतरतात किंवा भोक बुजवतात. पाइपला धाग्यासारखी किंवा फितीसारखी चिरलेली तंबाखू लागते, धाग्यांमधून हवा खेळते म्हणून निखारा जगतो. तेव्हा ही तंबाखू पाइपची नव्हेच.

गुळाचं म्हणशील तर आपला गूळ जगात भारी, पण तंबाखूवर तो हात राखूनच वापरायचा. गुळात क्षार आणि न विरघळणारा गाळ असतो. जास्त झाला की जळताना चिकट काजळी होते, वाटीच्या भिंतीवरचा कोळशाचा थर मऊ राहतो आणि दांडी आठ दिवसांत तुंबते. शिवाय गूळ ओल धरतो, म्हणजे पावसाळ्यात बुरशी.

करूनच बघायचं असेल तर साधी, सुगंध नसलेली बर्ली घे, ५० ग्रॅम. गूळ २ ग्रॅम, त्याहून जास्त नको. ८ मिलिलिटर उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळव, मलमलच्या कापडातून दोनदा गाळ. तंबाखू रुंद ताटात पसरून फवारणीच्या बाटलीनं थोडं थोडं मार आणि दर वेळी हातानं वर-खाली कर. एका जागी ओतलंस तर तिथं डाग पडतो आणि तेवढी जागा जळत नाही. बरणीत रात्रभर मुरव. दुसऱ्या दिवशी वर सांगितलेल्या बल्बखाली वजन परत ५२ ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत वाळव. ही पायरी टाळली की तीन-चार दिवसांत कुबट वास सुरू होतो. मग टॉपिंग : गडद रम ३ मिलिलिटर, त्यात खऱ्या व्हॅनिला शेंगेच्या अल्कोहोलमधल्या अर्काचे ५ थेंब. फवार, झाकण लाव, आठवडाभर हात लावू नको. पहिल्या दोन दिवसांत चाखलंस तर नुसती रम लागेल.

तेलातलं काहीही नको. अत्तर, केवड्याचं तेल, मिठाईतले तेलात विरघळवलेले फ्लेवर, यातलं एकसुद्धा तंबाखूवर टाकायचं नाही. जळलेल्या तेलाचा धूर छातीला वाईट आणि पाइपमधून तो वास निघत नाही. आणि ओली तंबाखू हाताळताना हातमोजे घाल, निकोटिन कातडीतून अंगात जातं. भांडी वेगळी ठेव, स्वयंपाकातली घेऊ नको.

रंकाळाकाठ

मनापासून धन्यवाद, निपाणीचा नाद सोडला. अजून दोन गोष्टी विचारतो. चव माणसागणिक बदलते म्हणतात त्यात जिभेचा भाग किती आणि पद्धतीचा किती? आणि एकाच ब्रायर पाइपमध्ये तिन्ही मिश्रणं फिरवली तर चालतं का?

काजळी_आणि_राख

चालत नाही. ब्रायरचं लाकूड टॉपिंग शोषून घेतं. चेरीनंतर त्याच पाइपमध्ये प्रिन्स अल्बर्ट भरलं की कोकोच्या मागून चेरी येत राहते, आणि लोक दोष तंबाखूला देतात. एका वासाच्या कुळाला एक पाइप ठेवा. स्वस्तातला मार्ग म्हणजे मक्याच्या कणसाचा पाइप. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, वॉशिंग्टन नावाच्या गावी मिसुरी मीअरशॉम कंपनी ते १८६९ पासून बनवते. कणीस ओल पितं, वास कमी धरतं आणि ओल्या सुगंधी मिश्रणांना ब्रायरपेक्षा जास्त मानवतं. नवं मिश्रण चाखायचं ते नेहमी कणसात.

ब्रायरमध्ये जुना वास अडकला असेल तर वाटीत कापूस तोंडापर्यंत सैल भरा, दांडीच्या भोकात पाइप क्लीनर (धागे गुंडाळलेली लवचिक तार) खोचा, आणि तीव्र व्होडका थेंबाथेंबानं कापूस भिजेपर्यंत सोडा. २४ तास उभा ठेवा. कापूस तपकिरी होऊन निघतो. फारच हट्टी वास असेल तर दुसऱ्यांदा. काही जण कापसाऐवजी मीठ घालतात, त्यानं लाकडाला चीर जाऊ शकते, म्हणून कापूसच बरा. दुकानातलं रंगाचं किंवा जाळायचं स्पिरिट अजिबात नको, त्यात मिथेनॉल असतं. नंतर पाइप उन्हाळ्यात दोन-तीन दिवस आणि पावसाळ्यात आठवडाभर वाळू द्या. तोटी (तोंडात धरायचा भाग) काढून ठेवायची, पण पाइप गरम असताना कधीच नाही, सांधा सैल होतो किंवा मोडतो.

आता चवीचं. शाहूपुरीकरांनी पानावर भर दिला तो योग्यच आहे, पण माझ्या मते निम्मा फरक ओढणाऱ्याच्या तोंडात आणि हातात असतो.

तांबडा रस्सा किंवा मिसळ खाऊन लगेच पाइप पेटवला तर कोणतंही मिश्रण जीभ पोळणारं वाटणार. मिरचीतलं कॅप्सेइसिन जिभेचे उष्णता ओळखणारे तंतूच जागे करतं, त्यावर कोमट धूरसुद्धा कढत लागतो. किमान तासभर जाऊ द्या, मध्ये थोडं दही किंवा दूध घेतलं तर उत्तम. चुन्याचं पान खाणाऱ्यांचं याहून अवघड. चुना तोंडाची आतली त्वचा सोलतो आणि लाळ अल्कधर्मी करतो, मग बर्ली त्यांना कडक आणि साबणासारखी लागते. त्यांनी तक्रार केली तर ती खरी असते, मिश्रण मात्र निर्दोष असतं. सोबत पाणी किंवा बिनसाखरेचा काळा चहा ठेवा. गोड चहानं तंबाखूचा स्वतःचा गोडवा दिसेनासा होतो.

दुसरं, व्हॅनिला या वासाशी आपल्या मनात आइस्क्रीम जोडलेलं आहे, म्हणजे साखर जोडलेली आहे. धुरात ती साखर येत नाही. मेंदू गोडाची वाट बघतो आणि गोड येत नाही, म्हणून ओढणाऱ्याला 'चवच नाही' असं वाटतं. ज्याला ती अपेक्षा नसते त्याला तोच धूर मलईदार लागतो.

साबणाचं उत्तर इंग्लंडमधल्या केंडल गावाकडं जातं. तिथल्या सॅम्युएल गॉविथ आणि गॉविथ हॉगर्थ या घराण्यांच्या काही तंबाखूंना फुलांचे अर्क मारतात : गुलाब, जिरेनियम, आणि टोंका बी, जिचा वास कुमारिनचा, ताज्या कापलेल्या गवतासारखा. त्यांचं '१७९२ फ्लेक' नावाचं मिश्रण टोंकाचं, 'एनरडेल' नावाचं बदाम आणि फुलांचं. ज्याच्या नाकात गुलाब म्हणजे अंगाचा साबण, त्याला ते सहन होत नाही. ज्याच्या नाकात गुलाब म्हणजे गुलकंद आणि देवघर, त्याला एनरडेल पहिल्या झुरक्याला आवडू शकतं. आपल्याकडच्या माणसांनी या कुळाची चव एकदा तरी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. व्हॅनिलापेक्षा हे वास आपल्या नाकाला जवळचे आहेत. फक्त पाइप वेगळा ठेवा, हा वास कापूस-व्होडकानंही पुरता जात नाही.

आणि नाक वापरा. धूर छातीत न घेता तोंडात धरायचा, ओठ मिटायचे, आणि त्यातला अगदी थोडा नाकावाटे सोडायचा. जिभेला गोड, कडू, आंबट, खारट अशा मोजक्याच चवी कळतात. कोको, शेंगदाणा, मनुका हे सगळं नाकाच्या मागच्या बाजूनं कळतं. पूर्ण झुरका नाकातून सोडला तर झिणझिण्या येतात, चौथा भाग पुरे.

पद्धत : भरणी तीन चिमटीत. पहिली नुसती पडू द्यायची, दाबायची नाही. दुसरी हलक्या बोटानं. तिसरी थोडी जोर देऊन. न पेटवता ओढून बघा, सरबताच्या नळीएवढा अडथळा लागला पाहिजे. जास्त लागला तर सगळी काढून पुन्हा भरा, वरून टोचून उपयोग होत नाही. काडी पेटवल्यावर गंधक जळून जाऊ द्या, मग ज्वाळा गोल फिरवत वरचा थर काळा करा. तंबाखू फुगून वर येईल, टॅम्परच्या (तंबाखू दाबायच्या दट्ट्याच्या) स्वतःच्या वजनानं सपाट करा आणि दुसऱ्यांदा पेटवा. पेट्रोलचा लायटर नको, सुगंधी तंबाखूत तो वास शेवटपर्यंत राहतो. मिनिटाला दोन-तीन छोटे झुरके. वाटी गालाला लावून बघा. धरवत नसेल इतकी तापली तर पाइप खाली ठेवा, विझू द्या, पाच मिनिटांनी पुन्हा पेटवा. पाइप विझणं हा दोष नाही. विझू नये म्हणून भकाभका ओढणं हा दोष, त्यातून वाफ, वाफेतून घुळघुळ आणि पोळलेली जीभ. घुळघुळ आलीच तर मध्येच पाइप क्लीनर तोटीतून तळापर्यंत सरकवून ओल काढून घ्या.

वाशीनाका

मध्ये एक आवश्यक गोष्ट. धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप निर्धोक, असं मानू नका. ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसाचा कर्करोग पाइपनंही होतो, आणि वास गोड असला म्हणून धूर सौम्य होत नाही. ज्यांना मावा किंवा तंबाखू चघळायचीही सवय आहे त्यांचा धोका दुप्पट वाटेनं येतो. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा फोड दोन आठवड्यांत गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा, मलम लावत बसू नका. शेजाऱ्याला दरवळ आवडतो हे ठीक, पण तो धूरच घेत असतो. घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर पाइप गच्चीवर किंवा अंगणात. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००८ पासूनच्या नियमांनी बंदी आहे, हॉटेलच्या व्हरांड्यातही पेटवू नका. आणि विकत घेताना पुडीवर भारतातला सचित्र इशारा, किंमत आणि आयातदाराचं नाव छापलेलं आहे का ते बघा. ते नसेल तर माल चोरवाटेनं आलेला, किती दिवस कुठल्या गोदामात तापला-भिजला याचा पत्ता नसतो.

शाहूपुरीकर

वाशीनाका, हे लिहिलंत ते बरं केलंत.

काजळी, एनरडेलबद्दल माझं मत वेगळं आहे. गुलकंद आवडतो म्हणून गुलाबाचा धूर आवडेल असं नाही. गरम झाल्यावर जिरेनियमला हिरवट, धातूसारखी धार येते आणि तीच लोकांना साबण वाटते. नवख्यानं टोंकापासून सुरुवात करावी, फुलं नंतर. पण १७९२ फ्लेक कडक आहे, तेव्हा पोटभर जेवणानंतरच.

रंकाळाकाठ, नवीन काही विकत घ्यायच्या आधी हातातल्या तीन पुड्याच नीट वापरा. कॅप्टन ब्लॅक २.७ ग्रॅमपर्यंत वाळवून कणसाच्या पाइपमध्ये, फक्त तेच, काही दिवस. जीभ शांत राहिली आणि तळाला कोरडी राखाडी राख उरली तर ओल आणि वेग दोन्ही जमले. मग व्हॅनिला क्रीम, त्याच वेगानं. इथं जीभ पोळली तर तुम्हाला व्हर्जिनिया मानवत नाही असं समजा आणि बर्लीकडं वळा. नाही पोळली तर मॅक बॅरन मिक्श्चर आणि एरिनमोर तुमच्यासाठी मोकळे. चेरी शेवटी, आणि तिच्याकडून चवीची अपेक्षा न ठेवता. तिचं काम दरवळाचं.

ब्रायरच्या वाटीतला कोळशाचा थर दीड मिलिमीटरच्या पुढं जाऊ देऊ नका. सुगंधी तंबाखूचा थर मऊ आणि चिकट असतो, जाड झाला की तापून फुगतो आणि लाकूड चिरतं. दर वेळी पाइप गार झाल्यावर राख झटका आणि पेपर नॅपकिनची गुंडाळी वाटीत दोन-चार वेळा फिरवा, एवढं पुरतं. चाकूनं खरवडू नका.

कणसाचा पाइप नवा आणाल तेव्हा आत बघा. लाकडी दांडीचं टोक वाटीत थोडं पुढं आलेलं असतं, आणि सुरुवातीच्या भरण्यांत ते जळून कडवट वास देतं. त्यामुळं पहिल्या काही वेळा वाटी अर्धीच भरा, निखारा त्या टोकापर्यंत पोचायच्या आत विझू द्या, आणि टोकाभोवती कोळशाचा पातळ थर धरला की मग पूर्ण भरा.